निळी वही आणि जुलैचं पान

१

यिक्केच्या आठव्या वाढदिवशी निळी वही नाहीशी झाली, तेव्हा खोलीत आम्ही आठ जण होतो आणि आठही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. वाढदिवसाला आमच्याकडे खुर्च्या गोलच मांडतात. आल्याबरोबर सगळ्यांचं अभिनंदन करायचं, जिचा वाढदिवस तिचंच नव्हे, तर तिच्या काकाचं, आजीचं, हाताला लागेल त्या शेजाऱ्याचंसुद्धा. मग कॉफी आणि केक, मग दुसरी कॉफी आणि डब्यातलं एक बिस्कीट. एकच. झाकण लगेच बंद. अशा गोलात कुणी नाक पुसलं तरी सात जणांना दिसतं. तिथून वही उचलणारा माणूस एकतर निर्ढावलेला हवा, नाहीतर इतका सज्जन की त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

हे शेवटचं वाक्य माझं नाही, माझ्या बायकोचं, चित्स्केचं. आमच्या अल्डेहार्न गावचा कालव्यावरचा पूल जहाजांसाठी तीस वर्षं तीच उघडते आणि तीच मिटते. मी गावचा न्हावी, आता निवृत्त. लोकांची डोकी जन्मभर माझ्या हातात होती, पण त्यांच्या आत काय चाललंय ते आपल्यालाच कळतं, असं तिचं म्हणणं. दोन-चार वेळा ते खरं ठरलंय, म्हणून मी वाद घालत नाही.

घर ऊने आणि ग्रीत्येचं. पुढे रस्ता, मागे परस आणि कालवा. यिक्के त्यांची पुतणी. ऊनेचा धाकटा भाऊ रींक मालवाहू जहाज चालवायचा. दोन वर्षांपूर्वी तो आजारपणात गेला आणि त्याची बायको फार्डाउ अशी कोसळली की तिला अंथरुणातून उठवेना. तिनं स्वतःच कोर्टात सही करून पोरीचं तात्पुरतं पालकत्व ग्रीत्येला दिलं आणि ती दवाखान्यात गेली. बरी होऊन तिनं पुन्हा जहाज हातात घेतलं, त्याला दीड वर्ष झालं. आता ते पालकत्व संपवून यिक्केला परत घ्यायचं होतं. सोमवारी दहा वाजता शहरात सुनावणी होती, आणि त्या दिवशी शनिवार होता.

निळी वही ही त्या दीड वर्षाची साक्ष. दर रविवारी ग्रीत्ये पोरीला आमच्या पुलापर्यंत आणायची, फार्डाउ तिथून तिला जहाजावर न्यायची. पोरीबरोबर वही जायची आणि यायची. काय खाल्लं, खोकला आहे का, कुठला दात हलतोय, हे दोघी आळीपाळीनं लिहायच्या. तोंडानं त्या एकमेकींशी फारशा बोलत नसत. न्यायाधीशबाईंनी सांगितलं होतं की मला वही दाखवा, त्यावरून ठरवू. वही नसेल तर पुढची तारीख सहा महिन्यांनी.

दुपारी सगळं छान चाललं होतं. मी आल्या आल्या संडासात जाऊन आलो, या वयात तो एक नियमच झालाय. समोर वाढदिवसांचं कॅलेंडर, आमच्याकडे ते संडासातच टांगतात, सप्टेंबरचं पान, यिक्केच्या नावापुढे ग्रीत्येनं काढलेलं फूल. बाहेर विबे गुरुजी फुशारकी मारत होते.

"गावातल्या प्रत्येकाचा वाढदिवस मला पाठ आहे," ते म्हणाले. "वर्गात खाऊ वाटतात ना! ऊने, चौदा नोव्हेंबर. तू एकदा मनुका वाटल्या होत्यास. मोजून पाच-पाच."

"सहा होत्या, गुरुजी," ऊने म्हणाला.

"एक तू माझ्या टेबलावरून परत उचललीस!"

सगळे हसले. फार्डाउ मात्र हसली नाही. ती बिस्किटांच्या चौकोनी डब्याकडे टक लावून बघत होती. यिक्केनं डबा पुढे केला, "आई, एकच हं," म्हणाली, तेव्हाही तिनं बिस्कीट घेतलं नाही. मला वाटलं, सोमवारच्या काळजीनं घास उतरत नसेल.

दुसऱ्या कॉफीच्या आधी यिक्केनं वहीतून स्वतःच्या पडलेल्या दाताची हकिगत मोठ्यानं वाचून दाखवली आणि वही कपाटावर फुलदाणीशेजारी ठेवली. पाच वाजता फार्डाउ ती घ्यायला उठली, तर तिथे नुसती फुलदाणी.

"ग्रीत्ये," ती अगदी हळू म्हणाली, "वही कुठंय?"

२

कपाट सरकवलं. गालिचा उचलला. गुरुजींनी गुडघ्यांवर बसून खुर्च्यांखाली बघितलं आणि त्यांना उठवायला दोघं लागले. वही नव्हती.

"तुला पोर द्यायची नव्हती तर तसं तोंडावर सांगायचंस," फार्डाउ म्हणाली. 

"मी? मी वही बाहेर काढली म्हणून तर सगळ्यांना दिसली!"

"दाखवायची आणि मग लपवायची. दीड वर्ष मला पुलावर उभं केलंस, कधी घरात ये म्हणालीस?"

"पुलापर्यंत तूच येत होतीस! इथून पुढे पाच मिनिटं चालायला तुझे पाय दुखत होते का?"

ऊनेची आई, डाउत्सेन आजी, काठी टेकून खुर्चीत ताठ बसली होती. "गेली ती बरं झालं," ती म्हणाली. "रींकचं एवढंच उरलंय माझ्याकडे. तेही पाण्यावर पाठवायचं?"

 यिक्के दारात उभी होती, डोक्यावर कागदी मुकुट. तिनं आईकडे बघितलं, काकूकडे बघितलं आणि मुकुट काढून हातात धरला. मला ते बघवलं नाही.

"आता कुणीही कुणाची पिशवी उघडायची नाही," चित्स्के उठून म्हणाली. पुलावरून जहाजांना हाका मारून तिचा आवाज असा झालाय की माणसं थांबतातच. "सगळे घरी जा. ज्यानं वही नेली त्यानं ती फाडू नये, एवढीच माझी विनंती. फार्डाउ, तू जहाजावर जा, थोडं खा. उद्या तीन वाजता इथेच, याच खुर्च्यांवर."

मग ती संडासात गेली. बाहेर आली ती थेट कोट चढवून माझ्या बाहीला धरूनच निघाली. फाटकापाशी थांबली.

"अरे, आत्ता महिना कोणता चालू आहे?"

"सप्टेंबर. तुला बरं वाटतंय ना?"

"मला बरं वाटतंय. पण ग्रीत्येच्या संडासात जुलै चालू आहे."

३

हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण ग्रीत्येला ओळखणाऱ्याला वाटणार नाही. एक तारखेला न्याहारीच्या आधी ती कॅलेंडरचं पान उलटते. आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी तीन वाजता सप्टेंबर बघितला होता.

"म्हणजे तीन वाजल्यानंतर कुणीतरी आत जाऊन जुलै काढला," मी म्हणालो. "चुकून हात लागला असेल."

"दोन पानं मागे, चुकून?"

रविवारी सकाळी पुलावर वर्दळ कमी असते. चित्स्केनं पूल मला सोपवला नाही, तो ती कुणालाच सोपवत नाही. ज्यांना विचारायचं होतं त्यांनाच तिनं पुलावर बोलावून घेतलं. त्या छोट्या केबिनमध्ये स्टोव्ह, एक बाक आणि तिची नोंदवही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाचं नाव, वेळ, दिशा आणि जहाजावर माणसं किती. माणसांचा रकाना तिचा स्वतःचा, सरकारला तो नको असतो.

पहिला ऊने आला. बिचारा रात्रभर झोपला नव्हता.

"काल दुसऱ्या कॉफीनंतर तू उठलास," चित्स्के म्हणाली. "मागच्या दारानं शेडमध्ये गेलास. स्वेटरखाली काहीतरी चपटं होतं. गेर्बेननं खिडकीतून बघितलं."

गेर्बेन म्हणजे मीच. हे मी तिला सांगितलं होतं, आणि आता मला ऊनेच्या तोंडाकडे बघवेना.

ऊने कानापर्यंत लाल झाला. "ग्रीत्येला सांगणार नाही ना?"

"ते काय आहे त्यावर अवलंबून आहे."

त्यानं कोटातून फळकूट काढलं. गुळगुळीत घासलेलं, वर कोरलेली अक्षरं, यिक्केचं नाव. "जहाजावर तिच्या झोपायच्या फळीला लावायला," तो म्हणाला. "वाढदिवसाला द्यायला नेलं होतं, पण ग्रीत्येचं तोंड बघितलं आणि हिंमत झाली नाही. पोरगी आईकडे जायला हवी, चित्स्के. पण ती गेल्यावर माझी बायको त्या घरात दिवसभर काय करणार, तेवढं मला कळत नाही."

"आत संडासात गेला होतास?"

"गेलो होतो, पण दाराला आतून कडी होती. ठोठावलं आणि परत फिरलो."

"आत कोण होतं?"

"काय माहीत. एकतर आई, नाहीतर गुरुजी. दोघांच्याही खुर्च्या तेव्हा रिकाम्या होत्या."

डाउत्सेन आजीला पुलापर्यंत आणायला मी सायकलगाडी घेऊन गेलो. बाकावर बसल्याबरोबर ती म्हणाली, "मी नेली असती तर आतापर्यंत चुलीत घातली असती. आणि देवाला तसं सांगितलंही असतं."

"मग नेली नाही?"

"मला सुचलंच नाही," आजी खेदानं म्हणाली. "मी बाहेर आले तेव्हा गुरुजी दारात उभे होते. कोट छातीशी आवळून. म्हटलं, थंडी वाजतेय की काय."

चित्स्केनं आजीच्या कपात आणखी कॉफी ओतली. "आजी, तुम्ही आत होता तेव्हा कॅलेंडरवर महिना कोणता होता?"

"यिक्केचाच. फूल काढलंय ना ग्रीत्येनं."

चित्स्के माझ्याकडे बघत नव्हती. ती ग्रीत्येकडे बघत होती. ग्रीत्ये पुलाच्या पायऱ्या चढत होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

४

आजीला घरी सोडून मी परत आलो तरी ग्रीत्ये उभीच होती.

"बस," चित्स्के म्हणाली. "जुलैमध्ये वहीत तू काय लिहिलंस?"

ग्रीत्ये मटकन बाकावर बसली. "तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या कॅलेंडरनं. जुलैच्या पानावर तीन नावं आहेत. दोन तुझ्या बहिणींची. तिसऱ्यापुढे बारीक क्रूस आहे."

"रींक," ग्रीत्ये म्हणाली. "बारा जुलै. मेलेल्यांची नावं मी खोडत नाही." मग तिला रडूच फुटलं. "यंदा मी ठरवलं, त्याच्या दिवशी केक करायचा. पोरीला वाटू नये की बाबाला सगळे विसरले. खुर्च्या मांडल्या. फार्डाउची पण मांडली. वाढदिवसाला आमंत्रण कधी लागतं का, चित्स्के? आपणहून यायचं असतं! पोरगी तीन वाजल्यापासून खिडकीत. चार झाले, पाच झाले. शेवटी मी तिला खिडकीतून उचलून आणली. आणि रात्री लिहिलं."

"काय लिहिलंस?"

तिला ते तोंडपाठ होतं. "आज रींकचा वाढदिवस. यिक्के दोन तास खिडकीत बसून होती. आई आली नाही. निरोपही नाही. अशा आईच्या हातात पोर द्यायची का, हे ज्यानं त्यानं ठरवावं."

बाहेर एक बदक उगाच ओरडत होतं. मला माझ्या टोपीची कड फार महत्त्वाची वाटायला लागली.

"आणि फार्डाउनं खाली काय लिहिलं?"

"वाचलं. एवढा एकच शब्द. मला वाटलं होतं भांडेल तरी. मी ते नंतर खोडणार होते, पण खोडलं तर लपवल्यासारखं दिसलं असतं. माझ्या पोटी पोर नाही, चित्स्के, पण पोरीचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही. मी वही नेली नाही."

"मला माहीत आहे," चित्स्के म्हणाली. "ज्यानं नेली त्यानं ती ओळ वाचली आणि बारा जुलै खरंच रींकचा वाढदिवस आहे का, हे संडासात जाऊन पडताळलं. आता सांग, गेर्बेन, कुणाला पडताळावं लागेल? त्याला जन्म दिला त्या आईला? त्याच्या भावाला? बायकोला? जिनं ती ओळ लिहिली तिला?"

"आपल्याला," मी म्हणालो. "आपल्याला पाठ नव्हता."

"आपण खुर्चीतून हललो नाही. मी तुझ्याच शेजारी होते, तुझं घोरणं ऐकत."

"मग गुरुजी? पण त्यांना तर सगळ्या गावाचे वाढदिवस..."

"खाऊ वाटतात म्हणून," चित्स्के म्हणाली. "जुलैत शाळेला सुट्टी असते. रींकनं वर्गात कधी खाऊ वाटलाच नाही."

५

विबे गुरुजींनी दार उघडलं तेव्हा निळी वही त्यांच्या काखेतच होती. बहुतेक सकाळपासून ते तिला घेऊन घरभर फिरत असावेत.

"मी तुझीच वाट बघत होतो," ते चित्स्केला म्हणाले. "तीनला सगळ्यांसमोर बोलायची माझी छाती होत नव्हती."

"का नेलीत, गुरुजी?"

"वही दिसली की माझे हात शिवशिवतात, तुला माहीत आहे. पोरीचा दाताचा मजकूर परत वाचावा म्हणून घेतली आणि जुलैचं पान उघडलं. फार्डाउला मी वाचायला शिकवलंय. तिच्यासारखी मुलगी मुद्दाम यायची राहणार नाही. पण न्यायाधीशबाईंनी तिला कुठे शिकवलंय? मला वाटलं, या एका ओळीनं पोर जाईल. आधी म्हटलं, ग्रीत्येची तारीखच चुकली असेल, तर त्या ओळीतला दम जाईल. म्हणून वही कोटाआड धरून आत जाऊन बघितलं. तेवढ्यात कुणीतरी दार ठोठावलं, मी घाबरलो आणि वही तशीच कोटात राहिली."

"एवढं एक पान फाडून वही परत ठेवायची होती," मी म्हणालो.

गुरुजींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी पुन्हा बाकावर बसलेला विद्यार्थी झालो. "चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, वहीचं पान फाडायचं नाही. आता मी फाडू?"

"म्हणजे तिला वाचवायला तुम्ही तिची दीड वर्षांची साक्षच घरी घेऊन आलात," चित्स्के म्हणाली.

गुरुजी खाली बसले. "ते मला इथे आल्यावर कळलं," ते बारीक आवाजात म्हणाले.

चित्स्केनं तिथेच उभ्या उभ्या जुलैचं पान उघडलं. ग्रीत्येनं सांगितलेली ओळ होती. पण तिच्या वर, त्याच दिवशी, आणखी एक बारीक नोंद होती. तिच्याबद्दल ग्रीत्येनं काहीच सांगितलं नव्हतं, कारण तिला ती महत्त्वाची वाटलीच नव्हती.

"मागच्या पायरीवर कुणीतरी बडीशेप घातलेला सफरचंदाचा केक ठेवून गेलं. यिक्केला फार आवडला. डबा कुणाचा, कळलं नाही. मागायला येतील तेव्हा देऊ."

चित्स्केनं वही मिटली. "गेर्बेन, आपल्याला पुलावर जायला हवं."

"आता काय राहिलं? वही मिळाली."

"वही मिळाली, पण त्यातली ओळ तशीच आहे ना. सोमवारी न्यायाधीशबाई फार्डाउला विचारणार, बाई, तू का आली नाहीस? आणि ती तोंडाला कुलूप लावून बसणार."

केबिनमध्ये तिनं नोंदवही उघडली, जुलैपर्यंत पानं उलटली. बारा तारखेला सुट्टीच्या होड्यांची जत्रा होती, पान भरून गेलं होतं. तिचं बोट खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं.

"बघ," ती म्हणाली. "आणि मीच लिहिलंय हे."

६

तीन वाजता खुर्च्या पुन्हा गोल मांडलेल्या होत्या. कॉफी होती, बिस्किटांचा तोच चौकोनी डबा होता, फक्त कुणी कुणाचं अभिनंदन करत नव्हतं. गुरुजींनी उभं राहून सगळं सांगितलं आणि वही फार्डाउच्या मांडीवर ठेवली.

"तुम्ही, गुरुजी?" ती म्हणाली. तिला राग यायला हवा होता, पण तिनं त्यांचा हात धरला. मग ग्रीत्येकडे वळली. "मी तुला काल बोलले ते..."

"मी पण काही गप्प बसले नाही," ग्रीत्ये म्हणाली.

"एक राहिलंय," चित्स्के म्हणाली आणि पुलाची नोंदवही उघडली. "बारा जुलै. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. फार्डाउचं जहाज गावाकडे. माणसं एक. पावणेसहा वाजता तेच जहाज परत. माणसं एक."

आजीची काठी जमिनीवर पडली.

"तू इथे होतीस?" ग्रीत्येनं विचारलं. "त्या दिवशी तू गावात होतीस?"

फार्डाउनं कप खाली ठेवला. तिची नजर पुन्हा डब्यावर गेली, आणि या वेळी माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. डब्याची एक कड डाग देऊन जोडलेली होती. जहाजावरची माणसं असा डबा टाकून देत नाहीत.

"डबा तुझा आहे," चित्स्के म्हणाली. "केकही तुझा होता. तू दारापर्यंत आलीस. मग आत का नाही आलीस, पोरी?"

ती डब्याकडे बघतच बोलली. "दुधाच्या जुन्या कारखान्यापाशी जहाज बांधलं. परसातून आले. आम्ही पाण्यावरची माणसं, मागूनच येतो. खिडकीला पडदे नव्हते. आत बघितलं, तर घरची आणि शेजारची माणसं गोल बसली होती. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. मी मोजल्या. दोनदा मोजल्या. माझ्यासाठी खुर्ची नव्हती. म्हटलं, बरोबरच आहे. मी पोर टाकून गेले, माझी खुर्ची कशाला मांडतील? केक पायरीवर ठेवला आणि परत गेले. नंतर वहीत वाचलं. काय लिहिणार होते मी? चोरासारखी मागून बघून पळाले, असं?"

"पण मी मांडली होती!" ग्रीत्ये ओरडलीच. "देवाशपथ मांडली होती, आजींच्या शेजारी!"

"मग ती कुठे होती?"

 ऊने आजीकडे बघायला लागला, आजी ग्रीत्येकडे. कुणालाच आठवेना.

"माझ्याकडे होती," यिक्के म्हणाली.

ती इतका वेळ डबा मांडीवर धरून बसली होती. "मी ओढत नेली. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी. मला खिडकीतून दिसत नव्हतं ना, म्हणून तिच्यावर चढून बसले. आई, मी तुझीच खुर्ची घेतली होती. तू आलीस की लगेच दिसावी म्हणून."

फार्डाउ उठली. त्या गोलाच्या मधून चालत गेली आणि पोरीसमोर गुडघ्यांवर बसली. दोघींपैकी कोण आधी रडलं, ते मला सांगता येणार नाही, मी तेव्हा चष्मा पुसत होतो. यिक्के आईच्या पाठीवर थोपटत होती, आणि मध्येच म्हणाली, "तू रस्त्यानं का नाही आलीस गं?"

"तू मागे का नाही बघितलंस गं?" फार्डाउ म्हणाली.

डाउत्सेन आजीनं नाक शिंकरलं, मोठ्यानं. "दोघी बापासारख्या," ती म्हणाली. रींक तर फार्डाउचा नवरा होता, बाप नव्हे, पण आजीला कोण चूक दाखवणार? "जा घेऊन तिला. पण केक करशील तेव्हा बडीशेप कमी घाल."

ग्रीत्येनं कपाटातून पेन आणलं. वही उघडून, जुलैच्या पानावर, त्या ओळीखाली तिनं उभ्या उभ्या लिहिलं. लिहून झाल्यावर वही फार्डाउला दिली नाही, आम्हाला सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली.

"वरची ओळ मी रागात लिहिली. ती चूक आहे. आई आली होती. दाराशी आली होती. तिला आत बोलवायला मी मागच्या दाराशी गेले नाही. पोर तिच्या आईला द्यावी, अशी माझी विनंती आहे." तिचा आवाज शेवटी फाटला, पण तिनं वाक्य पुरं केलं.

मग ती स्वयंपाकघरात गेली. ऊने तिच्या मागे गेला, फळकूट हातात घेऊन. बराच वेळ दोघं बाहेर आले नाहीत, आणि त्या दिवशी बिस्किटांचा डबा उघडाच राहिला. मी तीन खाल्ली.

७

सोमवारी न्यायाधीशबाईंनी पूर्ण वही वाचली. दाताच्या हकिगतीपाशी त्या हसल्या, असं फार्डाउ सांगते. जुलैच्या पानावर जास्त थांबल्या. मग त्यांनी ग्रीत्येला विचारलं, "हे तुम्ही कुणाच्या दबावाखाली लिहिलं नाही ना?"

"लिहिलं," ग्रीत्ये म्हणाली. "माझ्या स्वतःच्या."

पालकत्व त्याच दिवशी संपलं. आता जहाज शाळेच्या दिवसांत जुन्या कारखान्यापाशीच असतं, फार्डाउ जवळचीच कामं घेते. दुपारच्या सुट्टीत यिक्के ग्रीत्येकडे जेवते, आणि परसातून जाते-येते. ग्रीत्येनं मागच्या दाराशी पायपुसणं टाकलंय आणि दार सगळा दिवस उघडं असतं. थंडीनं ऊने कुरकुरतो, पण ते बंद करायला जात नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी ते जहाज पहिल्यांदा गावाबाहेर निघालं. चित्स्केनं पूल उघडला. मी काठीला दोरीनं बांधलेला लाकडी बूट खाली सोडला, पुलाचा कर घ्यायची ही आमची रीत. यिक्के पुढच्या टोकाला उभी होती. तिनं बुटात एक बिस्कीट टाकलं.

"एकच हं!" ती ओरडली.

सुकाणूच्या खोलीत फार्डाउशेजारी ग्रीत्येच्या घरची एक खुर्ची होती. ती ग्रीत्येनंच दिली होती, पोरीला बाहेरचं दिसावं म्हणून.

पूल मिटला. चित्स्के केबिनमध्ये गेली आणि नोंदवही उघडली. मी बिस्कीट अर्धं करून तिचा वाटा तिच्यापुढे ठेवला. तिनं नाव लिहिलं, वेळ लिहिली, दिशा लिहिली. माणसांच्या रकान्यात गेलं दीड वर्ष, रविवार सोडले तर, त्या जहाजापुढे एकच आकडा होता. तिनं दोन लिहिला. मग तो पुन्हा गिरवला.

"नीट वाचता येतोय ना?" तिनं मला विचारलं.

"येतोय," मी म्हणालो.

तरी तिनं तो तिसऱ्यांदा गिरवला.